हाडांची बाय

डॉक्टर शालिनी गावडे पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही. जुने एक्स-रे कुठं ठेवता, एवढंच विचारलं.

मी कर्नाटकातल्या जोयड्याला एक्स-रे काढते. मोडलेले हात, खोकल्यानं भरलेल्या छात्या, झाडावरून पडलेली माणसं, हेच माझं रोजचं काम. कोणी बाहेरचे डॉक्टर तपासणीला आले की आधी मशीन बघतात, मग रजिस्टर, मग चहा. या बाई सरळ मागच्या खोलीत गेल्या. तिथं एका लोखंडी कपाटात जुन्या फिल्म होत्या, पावसाळ्यातल्या ओलीनं एकमेकींना चिकटलेल्या.

"या टाकून द्यायच्या आहेत, मॅडम," मी म्हणाले. "काही उपयोगाच्या नाहीत."

"कशावरून?"

हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढं तो इतक्यांदा ऐकला की जीपवाला नागेश त्यांच्या मागं त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणायचा. रस्ता बंद आहे म्हणा, अमक्याला बरं वाटतंय म्हणा, आज पाऊस येणार म्हणा, त्या मान जरा तिरकी करून तोच प्रश्न विचारायच्या. त्यात उलटतपासणीचा सूर नसायचा. तुम्ही त्यांना काहीतरी गोड खायला देणार आहात आणि ते डब्यातून निघायची त्या वाट बघताहेत, असा चेहरा असायचा. त्यामुळं राग यायचा नाही. पण उत्तर शोधावं लागायचं.

त्या दिवशी त्या खिडकीशी उभ्या राहून एकेक फिल्म उजेडात धरत राहिल्या. बाजूनं काढलेल्या तेवढ्या निवडून वेगळ्या ठेवल्या. मग एक माझ्यापुढं धरली.

"हा फोटो कशाचा?"

"छातीचा. खोकला होता. फुप्फुसं चांगली होती."

"फुप्फुसं सोड. मागं बघ, पाठीचा कणा आलाय. मणका कसा असतो? विटेसारखा. चारी बाजूंनी सारखा. आता हा बघ."

तो मणका पुढच्या बाजूनं चेपला होता. लाकूड फोडताना आपण पाचर ठोकतो ना, तसा झाला होता.

"या बाईचा मणका मोडलाय," त्या म्हणाल्या. "तिला माहीत नाही. डॉक्टरला माहीत नाही. खोकला बघायला फोटो काढला, खोकला बघितला, झालं. फोटोत आपण न मागितलेलंही येतं, मंगल. ते कोणी बघत नाही."

माझं नाव त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी मात्र त्या दिवसापासून छातीचा फोटो नुसता छातीचा म्हणून बघू शकलेली नाही.

मॅडम आमच्याच बाजूच्या, रामनगरच्या. घराणं मूळ खानापूरकडचं. शिकायला लवकर बाहेर पडल्या, एक्स-रे वाचायचं शास्त्र शिकल्या, मग बरीच वर्षं परदेशात आणि नंतर मोठ्या शहरात हाडं कशी ठिसूळ होतात आणि ती मोडायच्या आधी फोटोत कशी ओळखायची, यावर काम करत राहिल्या. शेवटची काही वर्षं त्या संगणकाला फोटो वाचायला शिकवत होत्या. जिथं हाडांचा डॉक्टर कधीच पोचणार नाही तिथं निदान संगणक पोचेल, असं त्यांच्या मनात होतं.

हाडांचाच नाद का लागला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी लाकडाची गोष्ट सांगितली. लहानपणी घराजवळ लाकडाचा डेपो होता. तिथला एक माणूस प्रत्येक ओंडक्यावर हातोडा मारायचा, कान द्यायचा आणि 'हे पोकळ', 'हे भरीव' असं सांगत पुढं जायचा. "वरून सगळे ओंडके सारखेच दिसायचे. मला वाटायचं, हा थापा मारतो. एक दिवस त्यानं पोकळ म्हटलेला ओंडका कापताना मी बघायला थांबले. आत मूठ जाईल एवढं भोक. तेव्हापासून मला बाहेरून धड दिसणाऱ्या वस्तूची शंकाच येते."

जोयड्याला त्या एका शंकेसाठीच आल्या होत्या. आमच्या बायका जन्मभर डोक्यावरून ओझं वाहतात. गवत, सरपण, भाताच्या पेंढ्या, पाणी. ओझ्यानं हाड बळकट होतं असं पुस्तकात आहे. मग या बायकांची हाडं शहरातल्या बायकांपेक्षा बळकट असायला हवीत. आहेत का? आणि असतील तर म्हातारपणी इतक्या जणी वाकतात का?

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"वय झालं की माणूस वाकतं, मॅडम."

"कशावरून?"

मग आमचे गावोगावचे दौरे सुरू झाले. जीपमध्ये हलवता येण्याजोगं लहान एक्स-रे मशीन, एक संगणक, नागेश, मी आणि मॅडम. पाठीचा समोरून फोटो काढायचा, संगणकाला द्यायचा. संगणक हाडाचा गच्चपणा मोजून रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे हाड चांगलं, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे उपचार घ्या. तो रंग मॅडमच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीतून आला होता. वरच्या लोकांना तो फार आवडला होता. सगळ्या जिल्ह्यात हेच वापरायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

गावात गेल्यावर मॅडम कधी टेबलामागं बसल्या नाहीत. अंगणाच्या कडेला उभ्या राहायच्या आणि बायका वाटेनं चालत येताना बघायच्या. कोण कसं पाऊल टाकतं, कोण हात मांडीवर टेकवून पायरी चढतं, कुणाच्या लुगड्याचा काठ पुढून जमिनीला लागतो. बायकांना हे विचित्र वाटायचं. एकदा एकीनं मला विचारलंच, "ह्या बाय आमची चाल बगून सोयरीक जुळवणार हायत व्हय?" मॅडमना ते इतकं आवडलं की दिवसभर हसत होत्या. हाडांची बाय हे नावही तेव्हाच पडलं.

दिग्गी गावाला आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शेवंतक्का भेटली. तसं तिचा फोटो आम्ही पहिल्या फेरीतच काढला होता. रंग हिरवा आला होता. काटक, बुटकी, बोलायला तिखट बाई. यावेळी ती तपासणीला आलीच नव्हती. मॅडमना चहाला बोलवायला आली होती.

तिच्या घरात चुलीजवळ भिंतीला एक लाकडी फळी होती. त्यावर मिठाची बरणी, कोकमाचं मडकं, असं काय काय. शेवंतक्कानं चहा ठेवला, कोपऱ्यातला पाट पायानं पुढं सरकवला, त्यावर चढली आणि साखरेचा डबा काढला. उतरली, पाट परत कोपऱ्यात ढकलला. मी बघूनही बघितलं नाही. कोणाच्या घरात कोण पाटावर चढत नाही?

चहा आला, पण मॅडमच्या हातातच राहिला.

"शेवंतक्का, ही फळी कोणी मारली?"

"घोवानं. लगीन होऊन आले त्या साली."

"तुझी उंची बघून मारली असेल ना?"

"मग! स्वयपाक काय त्यो करणार हुता?"

"मग आता पाट कशाला लागतो?"

शेवंतक्का फळीकडं बघत राहिली. या गोष्टीचा तिनंही कधी विचार केला नव्हता, हे दिसत होतं. "व्हय की," ती म्हणाली. "आदी हात जायचा. फळी हाय तितंच हाय. मीच खाली आले म्हनायचं."

"पाठ दुखते?"

"दुकती. पन तुज्या मशिनीनं हिरवं दावलं न्हवं? ही मंगल म्हनाली, हाडं चांगली हायत. म्हनून म्या परत भारा आनाया लागले. मदी सुनंनं बंद केलं हुतं माजं. तिला म्हनलं, बग, हाडांची बाय म्हनती मी चांगली हाय."

"मग?"

"मग येक दिस गवताचा भारा डोक्यावर घेताना पाटीत कट् करून वाजलं. चार दिस निजून हुते."

मॅडमनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेवंतक्काला जोयड्याला आणलं. मी तिला कुशीवर झोपवून बाजूनं फोटो घेतला. "उसिरु हिडी," सवयीनं माझ्या तोंडून कानडी गेलं. "धरलाय की श्वास," ती मराठीत म्हणाली, "मारतीस काय?" फोटो पडद्यावर आला तेव्हा मलाही सांगायची गरज पडली नाही. दोन मणके पाचरीसारखे झाले होते.

"पण मग हिरवा कसा आला?" मी विचारलं.

मॅडम बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या, समोरून काढलेला आणि बाजूनं काढलेला. मग एकदम म्हणाल्या, "भाताचं पोतं पायानं दाबलं तर काय होतं?"

"बसतं."

"उंची कमी होते. आणि आतला भात?"

"गच्च होतो."

"संगणकाला मी फक्त गच्चपणा मोजायला शिकवलं, मंगल. चेपलेला मणका त्याला भक्कम दिसतो. जितका जास्त मोडेल तितका जास्त हिरवा." हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. कोडं सुटल्यावर चमकतात तसेच. आणि पुढच्याच क्षणी त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हातांनी तोंड झाकून. त्यांच्या त्या दोन चेहऱ्यांमध्ये एका श्वासाचं अंतर असेल. मी बाहेर गेले.

मणके कधी मोडले हे कळायला आधीचा फोटो हवा होता. संगणकात शेवंतीच्या नावावर आमच्या हिरव्या फोटोखेरीज काही नव्हतं. आम्ही परत दिग्गीला गेलो. मॅडम अंगणात तिच्याशेजारी बसल्या.

"अक्का, तुला नावं किती?"

ती खो खो हसली. "म्हायेरात म्हाका सेवंती म्हंतात. हितं शेवंती. बेळगावकडं लेकीकडं गेले हुते तितल्या दवाखान्यात शेवंतव्वा लिवलं. सासूनं लगनात सत्यभामा ठेवलं हुतं, त्ये आदार कार्डावर हाय. आन घोव 'अगो' म्हनायचा."

'अगो' सोडून बाकी सगळी नावं मॅडमनी शोधली. वेगवेगळ्या दवाखान्यांच्या नोंदींत ती चार वेगळ्या बायका होती. एकीचं बांधावर पडून मनगट मोडलं होतं. एकीला खोकला होता. एकीची पाठ दुखत होती आणि तिला गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. आणि चौथी, आमची, हिरवी. एकेकटी बघितली तर कुणाचंच काही मोठं बिघडलेलं नव्हतं. चौघी एकत्र केल्यावर दिसत होतं की एका बाईची हाडं वर्षानुवर्षं आतून पोकळ होत आली आहेत. खोकल्याच्या फोटोत एक मणका आधीच चेपलेला होता; हिरवा आला तो त्याच्यामुळं. दुसरा मात्र तेव्हा धड होता. तो नंतरचा. भाऱ्याचा.

त्यानंतर मॅडमनी हिरव्या रंगाच्या बायका परत बोलवायला सुरुवात केली. प्रत्येकीला आधी एकच प्रश्न: पूर्वी हात पोचायचा तिथं आता पोचतो का? कुणी फळी सांगितली, कुणी कपडे वाळत घालायची काठी, कुणी देवाची घंटा. ज्या नाही म्हणाल्या त्यांचे मी बाजूनं फोटो काढले. शेवंतक्का एकटी नव्हती.

शहरातून मॅडमचे एक सहकारी डॉक्टर आले होते. हुशार, मनानं चांगले. या कामात त्यांचीही वर्षं गेली होती. एक्स-रेच्या खोलीत दोघांचं बोलणं झालं, मी तिथंच फिल्म लावत होते.

"मॅडम, बहुतेकींना संगणकानं बरोबरच सांगितलंय. थोड्या सुटल्या. आधी यंत्रणा जिल्ह्यात सुरू होऊ दे, मागाहून दुरुस्त करू. आता थांबवलं तर परत कोणी उभं करणार नाही."

"हिरवा म्हणजे आपण काय सांगतो?"

"की हाड चांगलं आहे."

"नाही. आपण सांगतो, जा, भारा उचल. बाईला गच्चपणा कळत नाही, तिला परवानगी कळते. शेवंतीला सुनेनं थांबवलं होतं. मी परवानगी दिली."

"तुम्ही नाही, संगणकानं."

"त्याला कोणी शिकवलं?"

जिल्ह्याच्या बैठकीला मीही गेले होते, मशीनची माहिती द्यायला. मॅडम उभ्या राहिल्या. कौतुकाची भाषणं झाली होती, हार आणलेला होता. त्यांनी शेवंतक्काचे दोन फोटो पडद्यावर लावले आणि साध्या कानडीत भाताच्या पोत्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, "हे काम माझं आहे आणि ते चुकीचं सांगतं. मी ते मागं घेते." कुणीतरी विचारलं, किती दिवसांत दुरुस्त होईल? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." इतक्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द इतक्या स्वच्छ निघालेले मी पहिल्यांदाच ऐकले.

काम थांबलं. लहान मशीन परत गेलं. सहकारी डॉक्टर दुसऱ्या कामाला लागले. मॅडम जातील असं आम्ही धरून चाललो होतो. त्या मात्र नागेशला आणि मला घेऊन दिग्गीला गेल्या, शेवंतक्काला सांगायला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे बाय, तुझी काय चूक. गोष्टीत असंच होतं.

"माझ्या मशीननं तुला चुकीचं सांगितलं, अक्का. तुझी हाडं चांगली नव्हती."

शेवंतक्का नाचणी पाखडत होती. सूप थांबलं. "ह्ये तवा का न्हाई सांगितलंस?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

"माजी पाट गेली की ग!" ती ओरडली. "आता भारा कोन आननार? तू आनतीस?"

मॅडम उठल्या. अंगणात सुनेनं नुकताच आणलेला गवताचा भारा पडला होता. त्या त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या, दोन्ही हातांनी उचलायला बघितला. तो गुडघ्यापर्यंतही आला नाही. परत बघितला. चेहरा लाल झाला, चष्मा घसरला. शेवंतक्का बघत होती. मग रागातच म्हणाली, "अग सोड, सोड ते. तुजं बी मोडंल. मग आमाला कोन बगनार?"

त्या दोघींची मैत्री तिथून सुरू झाली असं नागेश म्हणतो. मला वाटतं, मैत्री नव्हे, भांडण सुरू झालं, आणि ते दोघींनाही आवडायचं. हाडांच्या औषधाचं इंजेक्शन घ्यायला शेवंतक्का प्रत्येक वेळी कुरकुरत यायची. सूनबाईला बसवून मॅडमनी मोठ्या भाऱ्याचे लहान भारे करायला लावले आणि शेवंतक्कानं ते ओझं उचलणं सोडून फक्त बांधायचं, असं ठरवलं. "मला नुसतं बसीवलंय म्हारानीवानी," ती सगळ्यांना सांगत फिरायची. पण तिची पाठ आणखी वाकली नाही. एकदा ओल्या पायरीवरून घसरून चांगली आपटली, तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो. मी खुब्याचा फोटो काढला. खुबा शाबूत होता. मॅडमनी तो फोटो इतका वेळ बघितला की शेवंतक्का म्हणाली, "फ्रेम करून लावतीस काय आता?"

आणि मॅडम संगणकाला पहिल्यापासून शिकवत बसल्या. यावेळी आमच्या बायकांच्या फोटोंवरून. समोरून आणि बाजूनंही. आमच्या बायकांची चण लहान, त्यामुळं परक्या मापानं काही धडधाकट बायकांनाही लाल रंग येत होता, हेही त्यांना याच वेळी सापडलं. ते सापडल्याच्या आनंदात त्यांनी सगळ्या दवाखान्याला चहा पाजला. "म्हणजे मी दोन्ही बाजूंनी चुकत होते!" असं म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. नावं जुळवायचंही त्यांनी नीट बसवलं. माहेरचं, सासरचं, कानडी, मराठी, कोकणी, सगळी नावं एका बाईपाशी यावीत असं. ते काम आता बाजूच्या तालुक्यांतही चालतं. तिथं नवीन आलेले तरुण डॉक्टर फोन करून मला विचारतात, पहिलाच प्रश्न फळीचा का आहे हो? मी त्यांना दिग्गीला जाऊन चहा प्यायला सांगते.

काम मार्गी लागल्यावर एक दिवस मॅडम म्हणाल्या, "मी ईशान्येकडं जाते आता. तिकडच्या डोंगरात बायका कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं वाहतात. सगळा भार मानेवर येत असणार. त्यांचे मानेचे मणके कसे असतील ग?"

"तुमचं वय बघा, मॅडम," मी म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही.

त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांना सोडायला कारवारच्या स्टेशनपर्यंत जीपनं जात होते. अणशीच्या पुढं घाटाच्या तोंडाशी त्या एकदम "थांब, थांब" म्हणाल्या. नागेशनं ब्रेक मारला. रस्त्याच्या खाली ओढ्याकाठी एका गव्याचा सांगाडा पडला होता. जंगलातल्या जनावरांनी आणि उन्हानं साफ केलेला, पांढराफेक. मॅडम साडी खोचून उतारावरून उतरल्या. कशालाही हात न लावता सांगाड्याच्या कडेनं हळूहळू चालत गेल्या, शेपटीकडून मानेकडं. एका ठिकाणी थांबल्या. मग गुडघ्यांवर बसल्या आणि तोंड अगदी मणक्यांजवळ नेलं.

"मॅडम, गाडी चुकंल," नागेशनं वरून हाक मारली. मग हॉर्न वाजवला.

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. नुसता एक हात वर केला, जरा थांब, असं सांगणारा. आणि तो हात तसाच वर ठेवून त्या आणखी खाली वाकल्या.